चिंचेकडची रेघ

"सिद्धा, बादली ठेव खाली. एक इचारायचं हाय," शिंत्रे वस्ताद म्हणाले.

मी फक्कीची बादली खाली ठेवली. फुटबॉलची सेमीफायनल नुकतीच संपली होती. चव्हाटा तालीम एका गोलनं जिंकली होती आणि तालमीची पोरं गोलकीपरला खांद्यावर घेऊन चौकाकडं निघाली होती. त्यांच्याबरोबर जायचं सोडून वस्ताद मैदान ओलांडून चिंचेखाली माझ्याकडं आले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कुस्तीनं मोडलेले कान, बोलणं हळू. चव्हाटा तालमीची टीम तेच निवडायचे आणि त्यांनी निवडली की त्यावर कुणी बोलायचं नाही.

"परवा फायनल. लेफ्ट आऊटला कुणाला घालू? बाबालालला का जयसिंगला?"

"मला काय इचारता वस्ताद? तालमीत एवढी माणसं हाईत."

"तालमीतल्या माणसांचं नको. निम्मी जयसिंगच्या भावकीतली आणि निम्मी बाबालालच्या हातचं कपडं घालणारी. तू कुठल्या तालमीचा न्हाईस. आणि रेघेला लागून अख्खी मॅच बघणारा गावात तू एकटा."

ते खरं होतं. मैदान झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या फक्कीनं रेघा आखायच्या, हे माझं काम. मैदानाच्या कडेला कमिटीनं दिलेली एक खोली होती, तीत मी आणि माझी बायको राहायचो. मॅच सुरू झाली की बादली घेऊन चिंचेखाली बसायचो. रेघ पुसली तर हाफटाइमला परत मारायला लागायची म्हणून माझी नजर कायम रेघेवर. आणि लेफ्ट आऊट म्हणजे रेघेचाच माणूस. डाव्या कडेनं बॉल घेऊन पळायचं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन गोलासमोर टाकायचा, एवढंच त्याचं काम. पण ते ज्याला जमतं त्याचं नाव गावात तीस वर्षं निघतं.

वस्ताद चिंचेच्या मुळावर बसले.

"बाबालालबरोबर खेळायला लागलेले बघ. वेशीच्या तालमीचा महादू सुटला. आता तो पळाला तर पोट आधी पोचतंय आणि तो मागनं. खालच्या गल्लीतल्या रावसाहेबाचा गुडघा गेला. बापू म्हेत्री तर मॅच बघायलाबी येत न्हाई, म्हणतो जीव जळतो. एवढ्यांत हा एकटा उरलाय. उरलाय म्हणून चांगला वाटतोय, का चांगला हाय म्हणून उरलाय, एवढंच मला सांग."

मी विचार केला. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं होतं.

"पयल्या हाफात बाबालालसारखा आजबी कोण न्हाई," मी म्हणालो. "दुसऱ्या हाफात त्याचा बॉल भायेर जातोय. आज पाच बार गेला."

"मीबी पाचच मोजलं."

"त्याच्या आधीच्या मॅचला चार. जयसिंग शेवटची धा मिनिटं आला तवा एकदाबी गेला न्हाई."

"मंजे दम जातोय."

"तसंच दिसतंय."

"मंजे जयसिंग."

"व्हय," मी म्हणालो. "जयसिंग."

मुठीत फक्की घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही.

बाबालाल मुजावर दहा-बारा पावलांवर गवतात बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. वय पस्तीस. चौकात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. दिवसभर मशीन मारायची आणि संध्याकाळी मैदानावर यायचं, असं पंधरा वर्षं चाललेलं. आम्ही एकाच वयाचे. गावात मला सगळे सिद्धा म्हणायचे, तो एकटा पूर्ण नाव घ्यायचा.

"काय सिद्धाप्पा, माझंच गाऱ्हाणं चाललंय न्हवं?"

"तुझं कशाला? वस्तादांना सावली पायजे होती."

"ऊन कवाच उतरलं." तो हसला. बूट हातात घेऊन उभा राहिला आणि वस्तादांकडं न बघता म्हणाला, "वस्ताद, मनात असंल ते करा. मला राग न्हाई. श्वास लागत न्हाई, पाय दुखत न्हाई, तरी बॉल भायेर जातोय. म्हातारपण असंच येत असंल. वर्दी देत नसंल."

तो गेला. वस्ताद बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

शनिवारी सकाळी मी मैदान झाडायला गेलो. थंडीचे दिवस होते, रात्री दव पडलेलं, माती ओलसर. फायनलसाठी सगळ्या रेघा नव्यानं मारायच्या होत्या. मी चिंचेकडच्या बाजूनं सुरुवात केली.

बुटांच्या खुणा पाठ करायची मला सवय होती. अक्षर येत नव्हतं, पण माती येत होती. जयसिंगचे बूट नवे, तळाचे सगळे स्टड टोकदार. बाबालालच्या डाव्या बुटाचा पुढचा एक स्टड गळून पडलेला आणि त्यानं नवा बसवलेला नव्हता. त्यामुळं त्याचं पाऊल कुठंही ओळखू यायचं, दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखं.

रेघेच्या बाहेर त्याची पावलं होती. पाच जागी. मी झाडूनं पहिली जागा पुसली, दुसरी पुसणार तेवढ्यात हात थांबला.

तो आतनं तिरका आला होता, रेघ ओलांडली होती, आणि रेघेच्या बाहेर दोन-तीन हातांवर एकदम सरळ वळला होता. तिथनं पुढं शिट्टी होईपर्यंत दोन-तीन पावलं सरळ. पुढच्या जागीही तसंच. त्याच्या पुढच्या जागीही. मी खाली बसून बघितलं. वळणं सगळी एका ओळीत होती. एखाद्यानं दोरी धरून ठेवावी तशी.

दमलेला माणूस इकडंतिकडं पडतो. एकदा एक हात बाहेर जाईल, एकदा चार हात. हा माणूस रेघ चुकत नव्हता. हा कुठल्या तरी दुसऱ्या रेघेवरनं पळत होता.

मी झाडू टाकला आणि गोलपोस्टाकडं गेलो. पोस्ट जमिनीत पुरलेले, ते हलत नाहीत. चिंचेच्या समोरच्या कडेला माणसांना बसायचा दगडी कट्टा होता. कट्ट्याकडच्या पोस्टापासून कट्ट्याकडच्या कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत पावलं टाकली. बत्तीस. चिंचेकडच्या पोस्टापासून चिंचेकडच्या निशाणापर्यंत टाकली. तीस. परत टाकली. तीसच.

मग मी खोलीत गेलो आणि खुंटीवरचा काथ्याचा दोर काढला.

मैदानाची रुंदी मी त्या दोरानं मोजायचो. कट्ट्याच्या दगडाला एक टोक लावायचं, दुसरं टोक चिंचेकडं जाईल तिथं रेघ. पावसाळ्यात खोली गळली होती, दोर कुजून तीन ठिकाणी तुटला होता. मी तीन जागी पीळ देऊन जाड गाठी मारल्या होत्या, परत सुटू नयेत म्हणून. एका गाठीत कितीसा दोर जाणार, असं प्रत्येक वेळी म्हटलं होतं. आता एक गाठ सोडून बघितली. पुरता हातभर दोर आत होता.

तीन गाठी, तीन हात. कट्टा जागचा हलणार नव्हता, म्हणून चिंचेकडची रेघ आत आली होती.

बाकीचं सगळं तिथंच बसल्या बसल्या उलगडलं. मैदानाच्या एका टोकाला भैरोबाचं देऊळ होतं, चव्हाटा तालीम पहिल्या हाफात कायम त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची. देव पाठीशी असावा म्हणून. दुसऱ्या तालमीही हे ओळखून असायच्या, टॉस जिंकला तरी ती बाजू त्यांना सोडायच्या. म्हणजे बाबालाल पहिला हाफ कट्ट्याकडनं खेळायचा, जिथं रेघ बरोबर होती, आणि दुसरा हाफ चिंचेकडनं. आम्ही सगळे म्हणत होतो, दुसऱ्या हाफात त्याचा दम जातो.

त्याच खुंटीवर, दोराच्या मागं, चामड्याच्या डबीत गुंडाळलेली कापडी टेप होती. दोन वर्षांपूर्वी कमिटीनं कोल्हापूरहून आणून दिलेली. देताना सेक्रेटरींनी विचारलं होतं, "सिद्धा, जमंल न्हवं?" मी म्हणालो होतो, "न जमायला काय झालं?" त्यावरचे आकडे मला मुंग्यांच्या रांगेसारखे दिसले होते. त्यानंतर टेप एकदाही डबीतनं बाहेर निघाली नव्हती.

दुपारी दोर पोत्यात घालून बाबालालच्या दुकानात गेलो. तो शाळेच्या चड्ड्या शिवत होता.

"या सिद्धाप्पा. पायजमा फाटला का?"

मी दोर त्याच्या पुढ्यात ठेवला, आणि सांगायला लागलो. पावलं, वळणं, बत्तीस आणि तीस, गाठी. मध्ये त्याचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला तो थांबलाच. माझं संपल्यावर त्यानं गळ्यातली टेप काढली, राहिलेल्या दोन गाठी स्वतः सोडल्या आणि आतला दोर सरळ करून मोजला. काय भरलं ते मला सांगितलं नाही. टेप परत गळ्यात टाकली.

"मंजे दम हाय," तो म्हणाला.

"हाय."

"डोळंबी हाईत."

"हाईत."

त्यानं शेजारच्या पेटीतनं सुई काढून मला दाखवली. "म्हैनाभर रोज सकाळी उठून आधी सुईत दोरा ओवून बघतोय. पयल्या झटक्यात जातोय. मग मनात म्हणायचो, दोरा जातोय तर बॉल का ऱ्हात न्हाई? घरात कुणाला बोललो न्हाई." त्यानं सुई पेटीत ठेवली. "मी खाली रेघ बघतच न्हाई, सिद्धाप्पा. चिंचेकडनं पळताना समोर भैरोबाचं देऊळ दिसतंय. दीपमाळंच्या मागं कळस लपला की मी रेघेवर. पंधरा वर्सं तसंच पळतोय. खाली बघितलं तर पुढं कोण कुठं उभा हाय ते कसं दिसणार?"

"जयसिंग खाली बघतोय."

"पोरगं हाय. शिकंल."

मी म्हणालो, "मी वस्तादांना जाऊन सांगतो."

"काय सांगणार?"

"रेघ चुकली म्हणून."

"मग काल आम्ही जिंकलो ती मॅच कुठल्या मैदानावर जिंकलो?" त्यानं आवाज खाली आणला. "काल हरलेली खालची गल्ली आज संध्याकाळी कमिटीच्या दारात बसंल. त्यांच्या मागनं बाकीच्या तालमी. आठ मॅची झाल्यात, सिद्धाप्पा. सगळ्या परत खेळवायच्या? पोरं डोकी फोडतील एकमेकांची. आणि तू? तुझी खोली?"

मी मान खाली घातली. खोलीचा विचार मी सकाळपासून करत होतो. तो माझ्या आधी त्यानं बोलून दाखवला, याची मला लाज वाटली.

"मग करू काय?"

"रेघ जागेवर टाक. बास."

"आणि तू?"

"मला कळलं न्हवं? माझ्यापुरतं भागलं." त्यानं पायट्यावर पाय ठेवला, मग परत काढला. "तुला कमिटीनं टेप दिली हुती न्हवं? ती का लावली न्हाईस?"

मी दोर गोळा करायला लागलो. एक वेटोळं, दुसरं वेटोळं. तो बघत राहिला. चड्डीवर खडूनं मारलेल्या खुणा होत्या, त्या त्यानं उगाच बोटानं झटकल्या. परत विचारलं नाही.

त्यानं नको म्हटलं तरी माझ्यानं राहवलं नाही. ऊन उतरल्यावर तालमीत गेलो. वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून पोरांच्या जोड्या बघत होते.

"वस्ताद, काल दिलेला शब्द मी माघारी घेतो."

"कसला शब्द?"

"बाबालालला घाला उद्या."

त्यांनी हौद्यातल्या पोरांना थांबायची खूण केली. "काल जयसिंग म्हणालास."

"चुकलो."

"कशात चुकलास ते सांग. आत्ता बदलतो."

लाल मातीचा वास येत होता. पोरं कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. तोंडात शब्द होते. रेघ, दोर, गाठ, तिन्ही साधे. पण त्यांच्या मागनं आठ मॅची येत होत्या, आणि डबीतली टेप येत होती.

"सांगता येत न्हाई," मी म्हणालो.

"बाबालालनं पाठवलं का?"

"न्हाई. देवाशपथ न्हाई."

"मग सदरा शिवून दिला असंल." हौद्यातलं एक पोरगं हसलं. वस्ताद हसले नाहीत. "सिद्धा, तुला इचारलं ते तू कुणाचा न्हाईस म्हणून. एका दिवसात फिरलास. आता मी कुणाचं ऐकू? जा. जयसिंगला निरोप गेलाय. बाबालाल भायेर बसंल. लागला तर बघू."

मी बाबालालचं काम सोपं करायला गेलो होतो आणि त्याच्यावर वशिल्याचा डाग लावून आलो.

रविवारी उजाडताच मी चिंचेकडची जुनी रेघ पाणी मारून पुसली. पोस्टापासून बत्तीस पावलं टाकून दोन्ही कोपऱ्यांना निशाणं रोवली. दोराचे तुकडे परत बांधून ताणत होतो तेवढ्यात बाबालाल आला. दुकानाचे कपडे, पायात चपला. मैदानाच्या मधोमध जाऊन भैरोबाकडं तोंड करून उभा राहिला आणि हळूहळू बाजूला सरकत आला. एका जागी थांबला. खाली बघितलं.

"अजून चार बोटं भायेर."

मी दोर चार बोटं सरकवला.

"हां," तो म्हणाला, आणि दुकान उघडायला निघून गेला.

सेक्रेटरी आठ वाजता फेरी मारून गेले. "सिद्धा, रेघ झकास मारलीस," एवढंच म्हणाले.

फायनल वेशीच्या तालमीबरोबर होती. कट्टा भरलेला, शाळेच्या भिंतीवर माणसं, चिंचेवरही चढलेली. बाबालाल तालमीचा पिवळा सदरा घालून बाहेर बाकड्यावर बसला होता. पहिल्या हाफात जयसिंग कट्ट्याकडनं चांगला खेळला. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं, त्यात खोटं नाही. गोल कुणाचाच झाला नाही.

दुसऱ्या हाफात तो माझ्या बाजूला आला. खाली बघत पळायचा, पण रेघेपासून चार हात आत. महिनाभर रेघ जिथं होती तिथंच त्याच्या पायांची सवय राहिली होती. मोकळी वाट बाहेरच्या अंगाला पडून होती आणि तो आत, दोन बॅकांच्या मध्ये शिरत होता. वेशीच्या लोकांनी चार वेळा त्याच्या पायातला बॉल काढला. पाचव्यांदा काढला तो पुढं नेऊन गोल मारला. वेशीची माणसं कट्ट्यावरनं खाली उतरून नाचायला लागली.

पंधरा मिनिटं उरली होती.

वस्तादांनी बाकड्याकडं बघितलं नाही. मैदानाच्या पलीकडनं, कट्ट्याजवळनं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढ्या लांबनं चेहरा दिसत नव्हता, पण मोडक्या कानांचं ते डोकं माझ्याकडं वळलेलं होतं आणि वळलेलंच राहिलं. मी मान हलवली नाही. माझ्या मानेला आता काही किंमत राहिली नव्हती. बादली तेवढी रेघेजवळ होती, ती उचलून मी चार हात मागं नेऊन ठेवली. बाबालाल यायचा असला की मी कायम ती मागं घ्यायचो. तो कडेनं यायचा, त्याला वाट लागायची.

वस्तादांनी हात वर केला. जयसिंग बाहेर, बाबालाल आत.

पहिला बॉल त्याच्याकडं आला तेव्हा तो अर्ध्या मैदानावर होता. पायानं दाबला, बॅकला अंगावर येऊ दिलं आणि बाहेरच्या अंगानं निघाला. मान वर. कट्ट्यावरनं सवयीनं ओरड उठली, "भायेर, भायेर." लाईन्समन रेघेवर पळत होता, त्याचं निशाण अर्धं वर आलं आणि तसंच खाली गेलं. बॉल फक्कीवरनं चालला होता. पांढरा धुरळा उडत होता. बाबालाल माझ्यासमोरनं गेला तेव्हा त्याचे डोळे मी बघितले. खाली नव्हते, बॉलवर नव्हते, बॅकवर नव्हते. दीपमाळेच्या मागं लपलेल्या कळसावर होते.

तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि बॉल टाकला. चव्हाट्याच्या सेंटर फॉरवर्डनं तो पोस्टावरनं घालवला.

दुसऱ्यांदा गेला. कट्ट्यावरनं परत "भायेर" आलं, पण कमी माणसांचं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कुणीच ओरडलं नाही. एवढ्या माणसांत मला बॉलवर बुटाचा आवाज ऐकू येत होता. त्यानं कोपऱ्यावरनं बॉल उचलला तो असा उचलला की सेंटर फॉरवर्डला उडी मारायला लागली नाही. नुसतं डोकं लावलं.

एक-एक. मॅच तिथंच संपली. तेव्हा पेनल्टी मारून निकाल लावत नव्हते. चिठ्ठी टाकून ढाल पहिले सहा महिने वेशीच्या तालमीकडं गेली आणि पुढचे सहा चव्हाट्याकडं.

गर्दी पांगल्यावर वस्ताद चिंचेखाली आले. बाबालाल तिथंच बसून नाड्या सोडत होता. दोघांचे बूट पांढरे झालेले, एकाचे खेळून, दुसऱ्याचे मैदान तुडवून.

"काय रं बाबालाल," वस्ताद म्हणाले, "आज दुसऱ्या हाफात दम कुठनं आणलास?"

"उरला हुता थोडा," तो म्हणाला.

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, रेघेकडं बघितलं. वस्ताद काय समजले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर ते कधी माझा सल्ला घ्यायला आले नाहीत.

पुढच्या वर्षी बाबालाल आपणहून थांबला. जयसिंगला घेऊन तो संध्याकाळी मैदानावर यायचा आणि त्याची हनुवटी बोटानं वर करायचा. जयसिंग पुढं मोठा खेळाडू झाला, जिल्ह्याकडनं खेळला.

फायनलनंतर आठवड्यानं मी बाबालालच्या दुकानावरनं चाललो होतो, तर त्यानं हाक मारली. आत बोलावून गळ्यातली टेप माझ्या गळ्यात टाकली. म्हणाला, "सिद्धाप्पा, आता गिऱ्हाईक न्हाई. बस. हा एक. हा दोन. तिसरा तूच सांग." मी पस्तिशी गाठलेला माणूस. दोन पावसाळे लागले. आकडे झाल्यावर त्यानं मापाच्या वहीतली गिऱ्हाइकांची नावं वाचायला लावली. माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं ते पाटीवर नाही, त्याच्या खडूनं निळ्या कापडाच्या उलट्या बाजूला. नंतर ते कापड कापून कुणाची तरी विजार झाली.

त्या वर्षांत मी त्याला पुन्हा पुन्हा म्हणालो, आता सांगतो. तो म्हणायचा, कशाला, झालं ते झालं. मला ते बरं वाटायचं. त्याच्या नकारामागं मी लपलो, हे आता म्हणायला हरकत नाही.

शिंत्रे वस्ताद गेले. सेक्रेटरी गेले. बाबालालला जाऊन सहा वर्षं झाली. मैदानाला आता लोखंडी जाळी आहे आणि रेघा मारायला चाकाची गाडी. संध्याकाळी म्हातारे कट्ट्यावर बसतात आणि आजवरच्या लेफ्ट आऊटांची तुलना चालते. जयसिंगचा वेग, महादूची लाथ, रावसाहेबाचा हुकवा. बाबालालचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "चांगला हुता, पण दुसऱ्या हाफात दम जायचा. ती एक फायनल सोडली तर." त्याच्या मातीलाही एक जण असं म्हणाला. मी शेजारी उभा होतो. खांद्यावर पंचा होता, तो नीट करत राहिलो.

यंदा चव्हाटा तालमीला शंभर वर्षं होतात. तालीम पुस्तक काढणार आहे, त्यात जुन्या खेळाडूंवर दोन-दोन ओळी असतील. पोरं विचारायला आली होती. बाबालाल मुजावरच्या नावापुढं त्यांनी आधीच लिहून आणलं होतं, उत्कृष्ट पण दमाला कमी. मी म्हणालो, ठेवून जा, मी लिहून देतो. त्यांना वाटलं मी दोन ओळी लिहीन.

एक गोष्ट लिहायची राहिली. फायनलच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी झाडू घेऊन मैदानावर गेलो होतो. दव पडलेलं होतं. चिंचेकडच्या रेघेला लागून त्याची पावलं होती, एक स्टड नसलेली. अर्ध्या मैदानापासून कोपऱ्यापर्यंत तीन वेळा गेलेली, एकावर एक, जणू एकदाच गेला असावा. सगळी रेघेच्या आत. बाहेरची कड तेवढी फक्कीत बुडालेली.

मी बाकीचं मैदान झाडलं. तेवढी पट्टी तशीच ठेवली. पुरती पुसायला वाऱ्याला चार दिवस लागले.